म्हातारपणाची पातळ कातडी: मनगटाला धरून उठवू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं घर. सासूबाई ८३ वर्षांच्या, काठी टेकत घरातल्या घरात फिरतात, हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घेतात. दोन वर्षांपासून त्यांच्या दोन्ही हातांवर जांभळे डाग उठतात आणि आपोआप जातात. गेल्या आठवड्यात खुर्चीतून उठवताना मनगटाच्या वर रुपयाएवढी कातडी सोलून आली. सुनेने हळद दाबून वर चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना आणखी कातडी निघाली. शेजारीण डाग बघून "घरात कोणी हात उगारतं की काय?" असं विचारून गेली. दीड महिन्यावर नातवाचं लग्न आहे आणि सासूबाईंना चुडा भरायचा आहे. हे सगळं सुनेनेच लिहिलंय आणि शेवटी विचारलंय, "माझं काय चुकतंय?"

बाय, आधी त्या शेजारणीचं मिटवूया, कारण तुमच्या पत्रात जखमेपेक्षा तेच जास्त बोचलेलं दिसतं.

उद्या सकाळी उजेडात सासूबाईंचा हात हातात घ्या. मनगटापासून कोपरापर्यंतची बाहेरची कातडी बघा: पातळ, चकचकीत, शिरा वर आलेल्या, मध्येमध्ये जांभळे डाग. मग दंडाची आतली बाजू बघा, काखेजवळची. तिथली कातडी बरीच मऊ आणि जाड लागेल आणि डाग बहुधा एकही नसेल. वय दोन्हीकडे सारखंच, ८३. फरक उन्हाचा. शेतात, कुळागरात, अंगणात मिरच्या-कोकमं वाळत घालताना साठ-सत्तर वर्षं ऊन लागलं ते हातांच्या बाहेरच्या बाजूला. त्या उन्हाने कातडीखालचे धागे झिजतात, रक्ताच्या बारीक नळ्यांना आधार उरत नाही, आणि खाटेच्या कडेला नुसतं टेकलं तरी आत रक्त झिरपतं. डॉक्टर याला सेनाइल परप्युरा म्हणतात. मार लागला की डाग आधी निळा, मग हिरवट, मग पिवळा होत जातो. हे डाग तसे रंग बदलत नाहीत. एक ते तीन आठवड्यांत फिके होतात आणि पुष्कळदा मागे तपकिरी छटा ठेवून जातात. दुखतही नाहीत. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीने ते वाढतात, पण म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. गोळी बंद केल्यावर काय होऊ शकतं ते डाग पडण्यापेक्षा फार मोठं असतं. डॉक्टरांना डाग दाखवा, निर्णय त्यांचा.

याची दुसरी बाजूही सांगते. हाच डाग कानामागे, गालावर, मानेवर, पाठीवर किंवा दंडावर चार बोटांच्या खुणांसारखा दिसला तर मीही विचारते, आणि विचारायलाच हवं. हिरड्यांतून रक्त, काळी शी, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले तर ती कातडीची गोष्टच नाही, रक्त तपासायची वेळ आहे. तुमच्या वर्णनात यातलं काहीच नाही.

आता काय चुकतंय ते. मी ३१ वर्षं वॉर्डात नर्स होते. निवृत्त झाल्यावर गेली नऊ वर्षं फोंडा, साखळी, डिचोली भागात घरी जाऊन ड्रेसिंग करते. तुम्ही केली ती चूक मी युनिफॉर्ममध्ये केली आहे. नोकरीचं दुसरं-तिसरं वर्ष असेल. एका आजोबांच्या हाताची सलाइन काढायची होती. चिकटपट्टी झटक्यात ओढली की दुखत नाही, असं तेव्हा आम्ही एकमेकींना सांगायचो. मी ओढली. पट्टीला हाताच्या पाठीवरची साल चिकटून आली, दोन बोटं रुंद. आजोबा ओरडले नाहीत. माझं तोंड बघून "जाऊं दे गो" म्हणाले. ती जखम भरायला महिना लागला आणि तेवढे दिवस रोज ड्रेसिंग करायला मीच जात होते.

कातडीचे दोन थर असतात. तरुणपणी वरचा थर खालच्यात खाचाखाचांनी अडकलेला असतो, मंगळूरी कौलं एकमेकांत बसतात तसा. वय वाढतं तशा त्या खाचा सपाट होत जातात. खाच झिजलेलं कौल वाऱ्याने जसं सरकतं, तशी वरची कातडी थोड्याशा ओढीने खालच्या थरावरून सरकते आणि फाटते. खालची चरबीची गादीही पातळ झालेली असते, तेलाच्या ग्रंथी मंदावलेल्या असतात. म्हणून या कातडीला दाबापेक्षा ओढ वाईट. हाताला धरून ओढणं, टॉवेलने खसाखसा पुसणं, चिकटपट्टी उपटणं, चादरीवरून घसटत वर सरकवणं, यातलं काहीही तुमच्या-माझ्या कातडीला कळत नाही, त्यांच्या कातडीला कळतं.

तर पहिला बदल उठवण्यात. मनगट धरायचं नाही. दंडही आवळायचा नाही. सासूबाईंना खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकू द्या, पाय जमिनीवर नीट टेकलेले आणि गुडघ्यांपेक्षा जरा मागे. त्यांचे हात खुर्चीच्या हातांवर. तुम्ही बाजूला उभ्या राहा, एक हात त्यांच्या पाठीमागून कमरेला, दुसरा हात उघडा तळवा वर करून त्यांच्या कोपराखाली, ताट धरतो तसा. त्यांनी जोर लावायचा, तुम्ही नुसता आधार द्यायचा. "एक, दोन, तीन" म्हणून दोघींनी एकदम. चार दिवसांत सवय होते. खुर्ची खोल आणि बुटकी असेल तर हे जमत नाही. उंच, ताठ पाठीची, हातांची खुर्ची घ्या. प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या हाताखाली चीर गेलेली आहे का, तिथून एकदा बोट फिरवून बघा. मी पाहिलेल्या किती जखमा त्या चिरेने केलेल्या होत्या!

खाटेवर वर सरकवायचं असेल तर एकटीने काखेत हात घालून ओढू नका. खांद्यापासून मांड्यांपर्यंत पोचेल अशी दुमडलेली चादर अंगाखाली आडवी घालून ठेवा. दोघांनी दोन्हीकडून चादर धरून उचलायची आणि वर ठेवायची. नवरा आणि मुलगा घरात असतात ना? हे काम त्यांना शिकवा.

आणि स्वतःचे हात बघा. नखं कापलेली हवीत. अंगठीचा खडा, घड्याळाचा पट्टा, तुमच्या हातातल्या कडा असलेल्या पाटल्या, हे सगळं त्यांना उचलण्याआधी काढून ठेवायचं.

आता जखम. नवी कातडी फाटली तर काय करायचं ते सविस्तर सांगते, कारण पहिल्या दहा मिनिटांत जे करता त्यावर पुढचे तीन आठवडे ठरतात.

रक्त दिसलं की स्वच्छ सुती कापड जखमेवर ठेवून तळव्याने दाबून धरा, हात छातीच्या वर उचललेला. रक्त पातळ असेल तर दहा मिनिटं धरावं लागतं. मध्येमध्ये उचलून बघायचं नाही. हळद, कॉफी पावडर, पेस्ट, राख, डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, यातलं काही नको. हळदीबद्दल मला काही राग नाही, सारात घाला. पण जखमेत तिचा खडबडीत लगदा होतो, तो धुऊन काढताना कातडी निघते, आणि खालची जखम लाल आहे की पिवळी तेही दिसत नाही.

रक्त थांबलं की जखम धुवा. फार्मसीत नॉर्मल सलाइनची छोटी बाटली मिळते, ती घरात ठेवावी. नसेल तर उकळून गार केलेलं पाणी चालेल. वरून हळू धार सोडायची, चोळायचं नाही.

मग नीट बघा. फाटलेली कातडी गोळा होऊन एका कडेला दुमडलेली असते, ओल्या कागदासारखी. ती मेलेली समजून लोक कात्रीने कापून टाकतात. तसं करू नका. तीच तुमची सगळ्यात चांगली पट्टी आहे. कानात घालायची कापसाची काडी सलाइनमध्ये भिजवून घ्या आणि त्या काडीने ती कातडी हळूहळू उलगडत जखमेवर परत पसरा, पुरीची दुमडलेली कड बोटाने सरळ करतो तशी. सुकून आखडली असेल तर सलाइनमध्ये भिजवलेला गॉज पाच-दहा मिनिटं वर ठेवा, मऊ होते. ताणून कडेला कड भिडवायचा अट्टहास नको. जिथपर्यंत येते तिथपर्यंत येऊ द्या. कातडी पूर्ण परत बसली तर ही सर्वांत हलकी जखम, अर्धी गेली असेल तर मधली, आणि कातडीच उरली नसेल तर तिसऱ्या प्रकारची. डॉक्टरांशी फोनवर बोलताना एवढं सांगितलंत तरी त्यांना चित्र कळतं. तुमच्या सासूबाईंची पहिल्या दिवशी पहिल्या प्रकारची असावी, चिकटपट्टीने ती दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारची झाली.

वर काय? कोरडा गॉज थेट जखमेवर नको, तो चिकटतो. फार्मसीत पॅराफिन गॉज मागा, तेलकट जाळीसारखा असतो. तो जखमेच्या चारी बाजूंनी बोटभर जास्त येईल एवढा कापून ठेवा, त्यावर साध्या गॉजची घडी, आणि वरून मऊ रोल बँडेज सैलसर गुंडाळा. बँडेजची पट्टी बँडेजलाच चिकटवायची, कातडीला चिकटपट्टीचा एक तुकडाही लागता कामा नये. सिलिकॉनची फोमवाली ड्रेसिंग मिळाली आणि परवडली तर उत्तमच, ती कातडीला न दुखवता सुटते आणि फार भिजली नाही तर पाच-सात दिवस राहू शकते. बँडेजवर पेनने एक बाण काढा. कातडी जिथे अजून जोडलेली आहे त्या बाजूकडून सुटलेल्या टोकाकडे. पुढच्या वेळी ड्रेसिंग बाणाच्या दिशेनेच काढायची, म्हणजे बसवलेली कातडी परत उचलली जात नाही. बाणाशेजारी तारीख लिहा. घरात तीन माणसं आळीपाळीने बघणारी असली की तारखेचा फार उपयोग होतो.

रोज उघडून बघण्याचा मोह आवरा. पॅराफिन गॉज असेल तर वरची घडी भिजल्यावर बदला, आतली जाळी दोन-तीन दिवसांनी, तीही सलाइनने भिजवून सुटी करून. साधी जखम दोन ते तीन आठवड्यांत भरते. नडगीवरची त्याहून जास्त वेळ घेते, विशेषतः पायाला सूज असेल तर.

तुमची आत्ताची जखम आठवडाभर जुनी आहे आणि कातडी निघून गेलेली आहे, तेव्हा काडीने परत बसवायला काही उरलेलं नाही. सलाइनने हळद धुऊन काढा, एका दिवसात सगळी निघाली नाही तरी चालेल, आणि पॅराफिन गॉजवर या. फाटताना माती किंवा गंज लागला असेल, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते कोणालाच आठवत नसेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारून या.

चिकटपट्टी लावलेलीच असेल, उदाहरणार्थ रक्त तपासायला नेलं आणि तिथे लावून दिली, तर ती काढायची पद्धत: कडेला खोबरेल तेल मुरू द्या, पाच मिनिटं. मग पट्टी आकाशाकडे न ओढता, कातडीला समांतर, स्वतःवरच दुमडत, मुंगीच्या वेगाने. दुसऱ्या हाताच्या बोटाने सुटणारी कातडी खाली दाबून धरलेली. आणि पुढच्या वेळी लॅबमध्ये आधीच सांगा, "कापूस दाबून धरते, टेप लावू नका." ते ऐकतात.

आंघोळीबद्दल तुम्ही लिहिलंय की सासूबाई भाणातलं कढत पाणी घेतात, साबण लावून नारळाच्या सोडणाने पाय घासतात, आणि तुम्ही बादलीत झाकणभर डेटॉल घालता. सोडण आजपासून चुलीत. कातडी किंचित आंबट असते, पीएच साधारण पाचाच्या आसपास. नेहमीचा साबण नऊ-दहाच्या घरात. रोज सगळ्या अंगाला साबण लावला की उरलंसुरलं तेल निघून जातं, कातडीला बारीक चिरा पडतात, खाज येते, खाजवलं की फाटते. साबण काख, जांघ आणि पावलांपुरता, तोही सौम्य, साबणविरहित द्रव मिळाला तर तो. बाकी अंगाला कोमट पाणी पुष्कळ झालं. कढत पाणी म्हणजे किती हे त्यांच्या हाताला नीट कळत नसेल, तुमच्या कोपराने बघा. डेटॉल नको. आंघोळ दहा मिनिटांत आटपा आणि मऊ टॉवेल टिपत टिपत पुसा.

पुसून झाल्यावर अंग अजून दमट असतानाच तेल किंवा मलम. सगळ्या गोष्टींत ही एक करायला सोपी आणि तिला पुरावाही आहे. ऑस्ट्रेलियातल्या वृद्धाश्रमांत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हातापायांना दिवसातून दोनदा मॉइश्चरायझर लावलेल्या वृद्धांमध्ये कातडी फाटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. कुठलं लावायचं यावर घरोघरी वाद असतो. आपलं खोबरेल वाईट नाही. फिलिपिन्समध्ये २००४ साली कोरड्या कातडीवर खोबरेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली तेव्हा दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. माझं मत विचाराल तर दिवसा खोबरेल आणि रात्री सुगंध नसलेलं घट्ट मलम. सुगंधी लोशन नको, त्यातल्या अल्कोहोलने आणि वासाने कातडी चुरचुरते. युरिया असलेलं क्रीम टाचांना चांगलं, फाटलेल्या जागी मात्र झोंबतं.

किती लावायचं? ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, तेवढं दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. लोक नेमकं याच्या अर्धं लावतात. केसांच्या दिशेने, वरून खाली, न रगडता. आणि तेल न्हाणीत लावू नका. खाटेवर बसवून लावा, पायांना शेवटी, आणि तळवे पुसून चप्पल घातल्याशिवाय उठवू नका. न्हाणीच्या गुळगुळीत लादीवर तेलकट पाय म्हणजे मांडीचं हाड. हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाही.

गोव्याच्या हवेत आणखी एक घोळ होतो. हातपाय कोरडे आणि छातीखाली, जांघेत, पोटाच्या घडीत मात्र ओल. जून ते सप्टेंबर कपडे दोरीवर चार-चार दिवस दमट राहतात, तेच अंगावर चढतात. घड्यांमध्ये तेल-मलम लावू नका, पावडरही ओतू नका, तिचा घामात लगदा होऊन तो घासतो. पुसून कोरडं करायचं आणि घडीत पातळ धुतलेल्या सुती कापडाची पट्टी ठेवायची, ओली झाली की बदलायची. कपडे इस्त्री फिरवून द्या. पायाच्या बोटांच्या बेचक्या रोज कोरड्या करा, तिथल्या भेगेतून जंतू शिरून अख्खा पाय सुजलेले पेशंट मी पावसात दरवर्षी बघते. घडीत लाल, ओलं, कडेला बारीक पुळ्या असतील तर ती बुरशी आहे, तिला बुरशीचं औषध लागतं. फार्मसीत "खाजेची ट्यूब द्या" म्हणून मागितलेल्या मिश्र क्रीममध्ये बहुतेकदा स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, महिन्याभरात कातडी आणखी पातळ होते. आधीच पातळ असलेल्या कातडीवर ते लावणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली. रात्री वाढणारी खाज घरातल्या दुसऱ्या कुणालाही असेल तर ती कोरडेपणाची नाही, खरजेची असू शकते. तेव्हा सगळ्या घराने औषध घ्यावं लागतं.

सासूबाई दिवसाचे पाच-सहा तास सोप्यावर खुर्चीत बसतात असं लिहिलंय. अर्ध्या तासाने त्यांना हात टेकून जरा उचलायला किंवा कुशीवर कलायला सांगा. मधोमध भोक असलेली रबरी रिंग बसायला देऊ नका. ती भोकाच्या कडेने दाबते आणि मधल्या भागाचं रक्त अडवते. फोमची सपाट उशी चांगली. संध्याकाळी माकडहाड, ढुंगणाची हाडं, टाचा, घोटे बघायचे. पुस्तकात "लाल चट्टा" लिहिलेलं असतं, आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. हाताच्या पाठीने तपासा: आजूबाजूपेक्षा गरम, घट्ट किंवा लिबलिबीत लागतंय, रंग जांभळट-काळपट झालाय, त्या जागी दुखतंय म्हणतात. असं असेल तर त्या जागेवरचा भार पूर्ण काढा आणि तिथे मालिश अजिबात करू नका. पुढे कधी खाटेला खिळल्या तर दर दोन तासांनी कूस बदलणं आणि टाचा उशीवरून अधांतरी ठेवणं लागेल, ते तेव्हा बघू.

जेवण. "काय खातात?" विचारलं की गोव्यात नव्वद टक्के वेळा मला उत्तर येतं, "पेज आणि लोणचं, दुसरं काही जात नाही." नव्वद टक्के हा माझा अंदाज, मोजमाप नव्हे. पेजेवर जीव राहतो, पण जखम भरत नाही. वजनाच्या दर किलोला रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवीत, जखम असताना त्याहून थोडी जास्तही चालतात. ५० किलोच्या बाईला पन्नास-साठ ग्रॅम. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम बांगड्यात वीसच्या आसपास. दात नाहीत म्हणून मासे बंद करू नका, काटे काढून कालवून द्या. श्रावणात शिवराक, म्हणजे मासे-मांस बंद, असताना मूग, अळसांदे (चवळी), दही, दूध यांनी ती जागा भरावी लागते, नाहीतर चतुर्थीपर्यंत वजन उतरलेलं दिसतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आकडा डॉक्टरांकडून घ्या.

काजूच्या दिवसांत एक गोष्ट लक्षात ठेवा. टरफलातलं तेल दाहक असतं. सासूबाईंना बसल्या बसल्या बिया फोडायची हौस असेल तर या हातांनी नको, फोड येतात. त्याच कारणाने गरम पाण्याची रबरी पिशवी थेट पायाला लावायची नाही.

हातांना कवच म्हणून बाजारातल्या महागड्या बाह्यांची गरज नाही. जुन्या मऊ सुती मोज्याचं पाऊल कापून टाका, वरची नळी मनगटापासून कोपरापर्यंत चढवा. इलॅस्टिकचा वळ उठत असेल तर तेवढा भाग कापा. खाटेच्या आणि दाराच्या कोपऱ्यांना जुन्या कापडाची गुंडाळी बांधा. चिऱ्याच्या उघड्या भिंतीला खेटून खाट असेल तर वीतभर बाहेर ओढा. रात्री न्हाणीच्या वाटेवर दिवा राहू द्या.

डॉक्टरांकडे कधी? पंधरा-वीस मिनिटं नीट दाबूनही रक्त थांबलं नाही, नडगीवर मार लागून कातडीखाली घट्ट, काळसर, वाढत जाणारा फुगवटा आला, जखमेभोवती उष्णता आणि लाली पसरत चालली, घाण वास, ताप, किंवा सासूबाई एकाएकी बरळू लागल्या, झोपाळू झाल्या, तर त्याच दिवशी. रात्र असेल तर १०८. हे सगळं नसेल पण जखम चार आठवड्यांत भरली नाही, किंवा पाण्याने भरलेले टणक फोड खाजेसकट उठले, किंवा एखादी चिघळलेली जागा महिनोन् महिने तशीच राहिली, तर त्वचारोगतज्ज्ञ. जवळपास कोणी नसेल तर बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत.

राहिला चुडा. मागे एका आजींची जखम बांधताना मी मनगटातली कांकणं काढायला घेतली, तर त्यांनी हातच मागे घेतला. "म्हजीं काकणां काडूं नाकात." काच फुटून हातात घुसली होती, तरीही. घो (नवरा) जिवंत असताना मोकळे हात त्यांना चालणार नव्हते. आम्ही शेवटी मोज्याची नळी घालून तिच्यावर एकच गुळगुळीत सोन्याची बांगडी ठेवली, तेव्हा कुठे त्या शांत झाल्या. म्हणून तुम्हाला "चुडा नको" असं मी सांगणार नाही.

तुमच्याकडे दीड महिना आहे, जखम भरायला तीन-चार आठवडे धरा. भरली नसेल तर त्या हाताला कांकण नाही, दुसऱ्या हाताला भरा. कासाराला आधी घरी बोलावून समजावून सांगा, हात दाबून, अंगठ्याचं हाड मोडून भरायचं नाही. रोजचं माप दोन-सहा असेल तर दोन-आठ घ्या. आदल्या दिवशी सूज नाही ना बघा. हाताला तेल लावून वर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि कांकण तिच्यावरून घसरवत न्या, मग पिशवी हळूच ओढून घ्या. हाताला दोन-दोनच हिरवी, डझनभर नको. सैल कांकण कशाला तरी अडकतं, म्हणून त्या दिवशी त्यांच्या शेजारी कोणीतरी सतत हवं. संध्याकाळी पाहुणे गेले की कांकणं तशीच पिशवीवरून उतरवा. झोपताना हातात काच राहू देऊ नका.